अ‍ॅटॉमिकची जुनी असेंब्ली: ठेवायची की काढायची?

अ‍ॅटॉमिक म्हणजे अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतानाही मध्येच न तुटणारी मेमरीवरची क्रिया. जुन्या कोडमध्ये ती हाताने लिहिलेल्या असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, असते. आता कंपायलरच तिच्यासाठी तयार फंक्शनं देतो, त्यांना बिल्टइन म्हणतात.

वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसमधून निघालेले नग मोजणारं आमचं सॉफ्टवेअर चालतं. कंपायलर बदलला आणि रात्रपाळीच्या आकड्यात दोन-तीन नग कमी भरू लागले. तीन दिवस आम्ही सेन्सरच्या वायरी तपासल्या. चूक निघाली लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणारं कुलूप) सोडणाऱ्या एका ओळीत. हाताने लिहिलेल्या त्या असेंब्लीत 'मेमरी' हा क्लॉबर (ही ओळ काय बदलते ते कंपायलरला सांगणारी खूण) द्यायचा राहिला होता. तो नसला की या ओळीचा बाकीच्या मेमरीशी संबंध आहे हे कंपायलरला कळत नाही, आणि मोजणीचं लिखाण तो खुशाल लॉक सुटल्यानंतर ढकलतो. जुना कंपायलर तसं करत नव्हता, इतकंच.

बिल्टइन वापरलं तर ही चूक करायला जागाच उरत नाही. मेमरीतल्या वाचन-लिखाणाचा क्रम किती कडक हवा ते आपण सांगायचं, सूचना कंपायलर निवडतो. वेगाचं म्हणाल तर एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) फेच-अ‍ॅडसाठी (जुना आकडा वाचून त्यात भर घालणं) दोन्हीकडे 'लॉक एक्सअ‍ॅड' हीच सूचना निघते. ऑब्जडंप (तयार फाइलमधल्या सूचना दाखवणारं साधन) लावून स्वतः बघा. एआरएमवर (मोबाइलमध्ये असतात तसले प्रोसेसर) मात्र जुनी असेंब्ली मागे पडते. तिच्यात लोड-एक्स्क्लुझिव्ह, स्टोअर-एक्स्क्लुझिव्हचं लूप (वाचा, बदलून लिहा, मध्ये कोणी हात लावला तर पुन्हा करा) कायमचं कोरलेलं असतं. बिल्टइनला आर्मव्ही८.१ चा प्रोसेसर सांगितला की तेच काम एका सूचनेत होतं. शिवाय थ्रेड सॅनिटायझरला (थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन) असेंब्लीच्या आतलं काही दिसत नाही.

कोणतं बिल्टइन घ्यायचं, हे तुमच्या सर्वांत जुन्या कंपायलरवर ठरवा. सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर ४.४ अजून सांभाळायचा असेल तर 'सिंक' कुटुंबावर भागवावं लागेल. ४.७ पासून 'अ‍ॅटॉमिक' कुटुंब मिळतं, तेच घ्या. सी११ ची (सी भाषेचं २०११ चं मानक) स्टँडर्ड हेडर फाइल दिसायला सगळ्यांत स्वच्छ, पण ती ४.९ पासून, सेंटओएस ७ वर ४.८ आहे, तिथे बिल्ड अडेल. मायक्रोसॉफ्टचा ६४-बिट कंपायलर इनलाइन असेंब्ली घेतच नाही, तिथे त्याचीच इंटरलॉक्ड फंक्शनं वापरा.

लिनक्स कर्नल आजही स्वतःची असेंब्ली ठेवतो, हे खरं. पण त्याचं मेमरी मॉडेल (मेमरीतल्या क्रमाचे नियम) वेगळं आहे आणि ते जपायला जाणती माणसं आहेत. आपल्याकडे ती ओळ लिहिणारा कधीच पुण्याला गेलेला असतो.

सन स्टुडिओ या जुन्या कंपायलरसाठीचा इफडेफ (त्याच्यापुरता कोडचा तुकडा) कोणी बिल्डच करत नसेल, तर तो आधी आणि वेगळ्या कमिटमध्ये उडवा. जीसीसीची असेंब्ली त्यानंतर, एकेक फंक्शन करत.