अ‍ॅपल पायची पारी: बटर, साजूक तूप की वनस्पती?

बडोद्यात घरी अ‍ॅपल पाय करायचा ठरला की बहुतेकांचे लक्ष आधी सफरचंदांकडे आणि दालचिनीकडे जाते. पाय खऱ्या अर्थाने जमणार की नुसताच गोड होणार, हे मात्र पारीत घातलेल्या स्निग्ध पदार्थावर ठरते. आपल्याकडे त्यासाठी तीन गोष्टी सहज हाताशी असतात: डेअरीचे बटर, साजूक तूप आणि वनस्पती (डालड्यासारखे वनस्पती तूप). तिन्हींनी पारी होते, पण एकसारखी होत नाही, आणि आपल्या हवेत त्यांच्यातला फरक अधिकच जाणवतो. ज्याला पापुद्रे सुटणारी पारी हवी आहे त्याने बटर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ऐन उन्हाळ्यात करायचा असेल, तर तुपाचा विचार गांभीर्याने करावा.

कारण नीट समजून घेतले, तर निवड सोपी होते. थंड बटरचे तुकडे मैद्यात न विरघळता राहिले, की लाटताना ते चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये पसरतात. ओव्हनच्या उष्णतेने बटर वितळते, त्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थरांना एकमेकांपासून उचलून धरते. बटरमध्ये स्निग्धांश 80 टक्क्यांच्या आसपास आणि पाणी सुमारे 16 टक्के असते, म्हणजे वाफेची सोय त्यातच झालेली असते. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. शिवाय पातळ तूप मोहन म्हणून मैद्याला चोळले, की ते पिठाच्या कणाकणाला लागते, पाणी घातल्यावर पिठात चिवटपणा येऊ देत नाही आणि पारी खुसखुशीत होते. खुसखुशीत पारी वाईट नव्हे, परंतु तिला पापुद्रे नसतात. ती तोंडात विरघळते, थराथराने सुटत नाही.

बटरचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग बर्फाचे पाणी. नऊ इंची, वरून झाकलेल्या पायसाठी 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बटर आणि 100 मिलीपर्यंत पाणी पुरते. नेहमीच्या पिवळ्या बटरमध्ये मीठ असते, म्हणून ते वापरल्यास पिठात वेगळे मीठ घालू नये. घरचे लोणी मात्र यासाठी वापरू नये, कारण त्यातल्या पाण्याचा भरवसा नसतो. ते कढवून त्याचे तूप करणेच उत्तम. खरी अडचण तापमानाची आहे. बटर 20 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि 32 ते 35 अंशांना वितळते, तर मे महिन्यात आपले स्वयंपाकघर दुपारी त्याहूनही तापलेले असते. म्हणून पीठ पहाटे भिजवावे, मैदा आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवावा आणि बटर बोटांनी चोळण्याऐवजी सुरीने कापून वाटाण्याएवढे तुकडे करावेत. पाणी शिंपडत पीठ नुसते गोळा करावे, पोळीच्या कणकेसारखे मळू नये. लाटलेल्या पारीत बटरचे फिकट पिवळे पट्टे जागोजागी दिसले, तर पापुद्रे सुटणार हे नक्की समजावे. पारी एकसारखी गुळगुळीत आणि तेलकट दिसू लागली, तर ती ताबडतोब अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

तुपाच्या बाबतीत आपल्या घरांकडे एक असे कसब आहे, जे पायच्या मूळ कृतीत नाही, आणि ते म्हणजे साटा, म्हणजेच तूप आणि तांदळाची पिठी फेसून थरांमध्ये लावायचा लेप. चिरोट्यांना पापुद्रे सुटतात ते याच साट्यामुळे. वर दिलेल्या 200 ग्रॅम बटरऐवजी 160 ग्रॅम तूप पुरते, कारण तेवढ्यात स्निग्धांश जवळजवळ सारखाच येतो. बटरमधले पाणी कमी झाल्यामुळे भिजवताना पाणी 20 ते 30 मिली जास्त लागते. यातले 60 ग्रॅम तूप मोहन म्हणून घालून पीठ भिजवावे. उरलेले 100 ग्रॅम थिजलेले तूप तीन टेबलस्पून तांदळाच्या पिठीबरोबर पांढरे आणि हलके होईपर्यंत फेसावे, लाटलेल्या चौकोनी पोळीवर पसरावे, पोळीची तीनपदरी घडी घालावी, अर्धा तास थंड करावी आणि पुन्हा लाटून तशीच घडी घालावी. पिठातल्या पाण्याची वाफ या थरांना उचलते आणि तुपाची पारीही सुटी होते. मेहनत बटरपेक्षा जास्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तांदळाच्या पिठीने साटा धरून राहतो आणि गरम ओट्यावर सैल बटरपेक्षा सांभाळायला सोपा जातो. तुपाचा वास दालचिनीशी चांगला जुळतो, जायफळाशी तर त्याहूनही.

वनस्पतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती गरम हवेतही घट्ट राहते, म्हणून हाताळायला सर्वांत सोपी आणि स्वस्तही. जानेवारी 2022 पासून तिच्यातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादाही आली आहे. पण जी गोष्ट तोंडाच्या उष्णतेला पुरती वितळत नाही, ती टाळूला चिकटते आणि पारीला स्वतःची चव देत नाही. एवढे कष्ट घेऊन केलेल्या पदार्थात ती घालावी, असे मला वाटत नाही.

सारणासाठी सफरचंद निवडताना पारीचाच विचार पुढे न्यावा. ऑगस्टपासून बाजारात येणारी हिमाचल आणि काश्मीरची लाल डिलिशस सफरचंदे नुसती खायला गोड, पण शिजल्यावर मऊ पडतात आणि पाणी सोडतात, आणि त्या पाण्याने तळाची पारी ओली होते. हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट असते आणि शिजूनही फोडी धरून ठेवते, मात्र ते आयात केलेले असल्याने महाग पडते. पिवळे गोल्डन डिलिशस मिळाले, तर तो चांगला मधला मार्ग आहे. लालच घ्यायची असतील, तर एक किलो फोडींना साखर 100 ग्रॅमच घालावी, एका लिंबाचा रस पिळावा, अर्ध्या तासाने सुटलेला रस गाळून आटवावा आणि दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअरसह तो फोडींवर परत घालावा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरू नये, मग पारी बटरची असो की तुपाची.

भाजताना ओव्हनचा ट्रे आधीच तापवून खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे तळाला लगेच आच लागते. पहिली 20 मिनिटे 220 अंश, नंतर 180 अंशांवर सुमारे 40 ते 45 मिनिटे; वरच्या चिरांमधून रस दाटसर बुडबुडताना दिसला की पाय झाला. अंडे चालत नसेल, तर वरून दुधाचा हात फिरवला तरी रंग चांगला येतो. बाहेर काढल्यावर किमान तीन तास कापू नये, कारण सारण गार होताना घट्ट होते, आणि गरम असताना कापलेल्या पायचा रस ताटलीत वाहून पापुद्रे भिजवतो.