प्रश्नोत्तराचा तास की लोकलेखा समिती?

काल विरार फास्टमध्ये दोघांची जुंपली, सरकारला खरा जाब कुठे विचारतात यावरून. आता प्रश्नोत्तराच्या तासाला मजा असते हे खरं, लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि पुरवणी प्रश्न आला की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या सुटतात. पण गोंधळ झाला की तास बुडाला.

लोकलेखा समिती म्हणजे सरकारी खर्च तपासणारी संसदेची समिती, तिचं काम बंद दाराआड, 22 खासदार, मंत्री एकही नाही, 1967 पासून प्रथेने अध्यक्ष विरोधी पक्षाचा, आणि कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, रिपोर्ट पुढ्यात ठेवून सचिवांकडून पै न् पैचा हिशोब घेतात. उशीर होतो, पैसे तर आधीच उडालेले, शिफारशीही बंधनकारक नाहीत. तरी माझं मत समितीलाच, टीव्हीवर दिसत नाही म्हणून काय झालं!