रनिंग एसेसची पोकर रूम: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घोड्यांच्या शर्यतीचे ट्रॅक दोनच. शाकोपीचा कँटरबरी पार्क मोठा. तिथे 2000 सालापासून पत्त्यांची टेबलं आहेत. दुसरा रनिंग एसेस, ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉलच्या) उत्तरेला कोलंबस गावात, आय-35 महामार्गाच्या जवळ. तो 2008 मध्ये सुरू झाला. इथे हार्नेस रेसिंग चालतं, म्हणजे जॉकी घोड्यावर बसत नाही, मागच्या हलक्या दोनचाकी गाडीत बसून घोडा हाकतो. शर्यती उन्हाळ्यात, पत्ते बारा महिने. हा रिव्ह्यू इथल्या पोकरबद्दल आहे.

कमी बजेटमध्ये खराखुरा कॅश गेम खेळायचा असेल तर जागा चांगली आहे. पण वेगासचा नो-लिमिट (समोरचे सगळे पैसे एकदम लावता येतात तो खेळ) डोक्यात ठेवून बसलात तर पैसे जातील, आणि का गेले तेही लवकर कळणार नाही. कारण इथे स्प्रेड लिमिट आहे. मुख्य टेबल 2 ते 100 डॉलरचं: एका वेळी बेट (पैसे लावणं) किंवा रेझ (चाल वाढवणं) 100 च्या वर नेता येत नाही, पॉट (मध्ये जमलेली रक्कम) कितीही फुगलेला असो. टूर्नामेंट मात्र नो-लिमिट असतात.

या 100 च्या छताचा परिणाम समजायला एक डाव घ्या. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, 3 डॉलर. तुमच्याकडे दोन राजे, तुम्ही 15 केलेत आणि चौघांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. पॉट 75. फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) दोन बदाम, तुम्ही 60 लावलेत, दोघांनी कॉल केला. पॉट आता 255. टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) तुम्ही जास्तीत जास्त 100 लावू शकता. पहिल्याला 100 भरून 355 मिळवायची संधी, म्हणजे साडेतीनास एक. त्यानेही कॉल केला की दुसऱ्याला 100 भरून 455 ची, साडेचारास एक. बदामाचा फ्लश (पाचही पत्ते बदामाचे) शोधणाऱ्याचे न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9 उपयोगाचे, 37 बिनकामाचे. त्याला साधारण चारास एक हवा असतो. म्हणजे दुसऱ्याचा कॉल गणिताने बरोबर आहे. मग रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) बदाम पडला की ‘काय नशीब याचं’ म्हणण्यात अर्थ नाही, तो भाव तुम्हीच दिलात. नो-लिमिटमध्ये तुम्ही 200 लावून त्याला हुसकला असता.

इलाज फ्लॉपच्या आधीच करायचा. 15 ऐवजी 25 किंवा 30 करा, गर्दी दोघांवर आणा. 25 धरले तर पॉट 75-80 चा, फ्लॉपवर 70 लावलेत, एकच राहिला, पॉट सव्वादोनशेच्या आत. आता टर्नला 100 लावले तर त्याला सव्वातीनास एकच मिळतो. आता त्याचा कॉल तोट्याचा. टेबलावर 25 चा रेझ पाहून कुणी भुवया उंचावतील, उंचावू द्या.

बाकीचे बदलही यातूनच येतात. रिव्हरवर 400 च्या पॉटमध्ये 100 चा ब्लफ पाचात एकदा चालला तरी परवडतो, पण समोरच्याला कॉलसाठी पाचास एक मिळत असतो आणि इथली मंडळी कॉल करायला कचरत नाहीत. त्यामुळे ब्लफ करायचाच तर फ्लॉप-टर्नला, जिथे 100 अजून बोचतात. उलट वरची एक जोडी (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची) असेल तर रिव्हरला 100 लावून टाका, खालची जोडी घेऊन लोक बघायला येतात. 300 डॉलर घेऊन बसणं पुरेसं आहे. हजाराची चळत मांडून इथे धाक बसत नाही.

आता खर्च. कायद्याने इथले खेळ ‘अनबँक्ड’ आहेत: हाउस (पोकर रूम) तुमच्याविरुद्ध खेळत नाही, फक्त कलेक्शन (खेळ चालवण्याची फी) घेतं. त्यातला ठरावीक हिस्सा शर्यतींच्या बक्षिसांसाठी बाजूला काढावा लागतो, पहिल्या 60 लाख डॉलरच्या उत्पन्नावर 10 टक्के, त्यावरच्या रकमेवर 14 टक्के. आणि वर्षाला किमान 50 दिवस प्रत्यक्ष शर्यती झाल्याशिवाय पत्त्यांचा धंदा चालवता येत नाही. हॉलमध्ये स्लॉट मशीन का नाहीत, याचंही उत्तर कायद्यातच: मिनेसोटात ती फक्त आदिवासी जमातींच्या कॅसिनोंत. घोड्यांचा ट्रॅक पत्त्यांवर जगतो असं म्हणतात ते असं.

तुमच्या खिशाचं गणित वेगळं. समजा जिंकलेल्या पॉटमधून 5 डॉलर कलेक्शन, 2 जॅकपॉटला (फार मोठे पत्ते असूनही हरल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाच्या निधीला), 1 डीलरला (पत्ते वाटणाऱ्याला) टिप. नऊ जणांच्या टेबलावर तासाला 30 डाव झाले तर सरासरी तीन-सव्वातीन तुमचे, म्हणजे 25 डॉलरच्या आसपास. सगळेच पॉट कमाल कलेक्शनपर्यंत जात नाहीत म्हणून 18-20 धरा. एवढं कमावल्यावर तुम्ही शून्यावर येता. टेबलावर पाचच जण उरले की हा भार अंगावर येतो. तेव्हा फ्लोअरला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) कलेक्शन कमी करता का म्हणून विचारा. बऱ्याच रूम करतात, पण विचारल्याशिवाय नाही.

छोट्या रूमचा खरा त्रास हाच, टेबलं मोडण्याचा. आठवड्याच्या दुपारी एकच गेम चालू असतो आणि तो दोन माणसं उठली की आटोपतो. निघण्याआधी फोन करून किती टेबलं चालू आहेत ते विचारा आणि यादीत नाव लावून ठेवा. शर्यतीच्या संध्याकाळी उलटी तऱ्हा: पोस्ट टाइम (शर्यत सुटायची वेळ) जवळ आला की दोघंतिघं घोड्यांवर बेटचं तिकीट काढायला पळतात, टेबल अर्धं होतं. खेळ ढिला हवा असेल तर हीच वेळ, कारण ट्रॅकवर हरलेले लोक पत्त्यांवर भरपाई करायला परत येतात. तुम्ही मात्र तो मोह टाळा. पोकरच्या तुलनेत ट्रॅकची कपात (लावलेल्या पैशांतून ट्रॅक ठेवून घेतो तो वाटा) कितीतरी मोठी: कायद्याने साध्या बेटवर 17 टक्क्यांपर्यंत, एक्झॅक्टा-ट्रायफेक्टासारख्यांवर (पहिले दोन किंवा तीन घोडे क्रमाने ओळखायचे) 23 पर्यंत.

तीन पत्ती खेळून आलेल्यांच्या दोन सवयी इथे नडतात. एक, चाल वाढवताना चिपा एकेक करून सरकवणं. पहिल्या हालचालीत जेवढ्या पुढे गेल्या तेवढ्याच धरल्या जातात, म्हणून आधी तोंडाने ‘रेझ’ आणि आकडा सांगा, मग चिपा ठेवा. दुसरी, न बोलता एक मोठी चिप टाकणं: 3 चा बेट असताना 25 ची चिप टाकली तर तो फक्त कॉल. आणि पत्त्यांवर एखादी चिप ठेवा. डीलरच्या उजव्या-डाव्या हाताला बसलात तर चिप न ठेवलेले पत्ते तो सवयीने मकमध्ये (टाकून दिलेल्या पत्त्यांच्या ढिगात) ओढून नेतो, आणि एकदा गेले की परत मिळत नाहीत.

जॅकपॉटचा डाव लागल्यासारखा वाटला तर शोडाउनपर्यंत (शेवटी पत्ते दाखवेपर्यंत) एक शब्द बोलू नका, दोघांचेही पत्ते टेबलावर उघडे राहू द्या, फ्लोअर येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. बहुतेक ठिकाणी हातातले दोन्ही पत्ते वापरले जाणं आवश्यक असतं. नेमकी अट भिंतीवरच्या फलकावर वाचा.

वय 18 पूर्ण हवं, सोबत फोटो ओळखपत्र. टूर्नामेंटमध्ये प्रवेश फी वजा जाता ठरावीक रकमेच्या वर जिंकलात तर डब्ल्यू-2जी (जुगारातल्या कमाईचा कर) फॉर्म भरून घेतात. कॅश गेमला फॉर्म नाही, कर मात्र आहे, म्हणून तारीख, बसलेली रक्कम आणि उठलेली रक्कम फोनमध्ये लिहीत चला. 2026 पासून जुगारातल्या तोट्याची फक्त 90 टक्केच वजावट मिळते, त्यामुळे वर्षअखेरीला 10,000 जिंकून 10,000 हरलेल्यालाही 1,000 डॉलर उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात.