साठवलेल्या माइल्सना लागलेली गळती

विमान कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या नावावर 1,20,000 माइल्स दिसतात, म्हणजे प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर जमलेले आणि तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट. वर्षाने पाहिलं तरी 1,20,000च दिसतात, एकही कमी झालेला नसतो. म्हणूनच लोक बेसावध राहतात. शिल्लक जागच्या जागी असते, वाढलेला असतो तो तिकिटाचा दर. समजा, ज्या जागेला परवापर्यंत 60,000 माइल्स लागत होते तिला आज 90,000 लागतात. म्हणजे जमवलेल्यापैकी एक तृतीयांश गेले, पण खात्यात त्याची कुठेही नोंद नाही, मेसेज नाही. या धंद्यातले लोक त्याला डीव्हॅल्युएशन म्हणतात.

भांडायला गेलात तर नियमावलीतलं एक कलम पुढे केलं जातं. जवळपास प्रत्येक योजनेत ते सापडेल: माइल्स ही सभासदाची मालमत्ता नाही, त्यांना रोख मूल्य नाही आणि कंपनी नियम कधीही बदलू शकते. अमेरिकेत यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1988 मध्ये केलेले बदल आधी जमवलेल्या माइल्सनाही लावले, म्हणून प्रवासी कोर्टात गेले. 1995 मध्ये निकाल लागला की करारभंगाचा दावा करता येईल, पण राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली नाही. 2014 मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्स विरुद्ध जिन्सबर्ग खटल्यात दार आणखी लोटलं गेलं. कंपनीने एका प्लॅटिनम सभासदाचं सभासदत्व काढून घेतलं होतं आणि कंपनी सचोटीने वागली नाही असा त्याचा दावा होता. 1978च्या विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यामुळे तो दावा चालणार नाही, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहून डेल्टा, युनायटेडचे माइल्स जमवणाऱ्या मराठी घरांनी हे लक्षात ठेवावं. तिथे कागदावरचा करार हाच आधार, आणि तो कंपनीने लिहिलेला.

आपल्याकडचा इतिहास त्याहून रोखठोक आहे. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली, तेव्हा तिच्या किंग क्लब योजनेचे माइल्सही बुडाले. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला बंद पडली. तिची माइल्सची योजना जेटप्रिव्हिलेज वेगळ्या कंपनीत होती आणि त्या कंपनीत अबूधाबीच्या एतिहाद एअरवेजचा 50.1 टक्के हिस्सा होता, म्हणून ती वाचली आणि त्याच वर्षी इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. आकडा शाबूत राहिला, पण जेटच्या विमानात जागा मिळवणं हा त्याचा मूळ उपयोग संपला. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्तारा योजनेचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये एकास एक आले. एकास एक ऐकायला बरं वाटतं. विचारायचा प्रश्न मात्र वेगळा: नव्या योजनेत त्याच मार्गाला, त्याच वर्गाला किती पॉइंट लागतात?

हल्ली सगळ्यात मोठी कात्री बँकेच्या कार्डाच्या बाजूने चालते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस क्रेडिट कार्डाचा हिशोब घ्या, तो सगळा जाहीर आहे. ऑगस्ट 2023 पर्यंत 200 रुपयांना 12 पॉइंट मिळत, महिन्यात एक लाख खर्च झाला की वर 25,000 बोनस आणि विमान कंपनीकडे वळवताना 5 पॉइंटचे 4 माइल्स. म्हणजे लाखाच्या खर्चावर 6,000 अधिक 25,000, एकूण 31,000 पॉइंट, त्यांचे 24,800 माइल्स. 1 सप्टेंबर 2023 पासून मासिक बोनस गेला आणि प्रमाण 5 ला 2 झालं. तोच एक लाख, पॉइंट 6,000, माइल्स 2,400. दहा टक्केसुद्धा उरले नाहीत, आणि वार्षिक शुल्क 10,000 वरून 12,500 झालं. ज्यांनी आधीचे लाखभर पॉइंट 'दिवाळीत बघू' म्हणून कार्डातच ठेवले, त्यांचे 80,000 माइल्स 40,000 झाले.

कंपन्या असं का करतात? माइल्स विकणं हाही आज मोठा धंदा आहे, काही बाबतीत तिकिटं विकण्यापेक्षा जास्त खात्रीचा. डेल्टाला 2023 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीकडून सुमारे 680 कोटी डॉलर मिळाले. अमेरिकन एअरलाइन्सने 2021 मध्ये आपली ॲडव्हान्टेज योजना तारण ठेवून 1,000 कोटी डॉलर उभे केले. बँक माइल्स घाऊक विकत घेते आणि तुम्हाला खर्चावर वाटते. वाटलेला पण न वापरलेला प्रत्येक माइल कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून बसतो. तो मुदत संपून मेला किंवा त्याची किंमत उतरली, की तेवढं ओझं हलकं. कुपनं छापणाराही तोच आणि मालाचा भाव ठरवणाराही तोच, असं हे दुकान आहे.

आता कात्री चालते कशी. पहिली चाल म्हणजे दरतक्ताच काढून टाकणं. पूर्वी अवॉर्ड चार्ट, म्हणजे माइल्सवर मिळणाऱ्या (अवॉर्ड) तिकिटांचे दरतक्ते असत: या विभागातून त्या विभागात, इकॉनॉमीला इतके, बिझनेसला इतके. तक्ता असला की वाढ जाहीर करावी लागते, लोक ओरडतात, बातम्या होतात. डेल्टाने 2015 मध्ये तक्ता हटवला, युनायटेडने आपल्या विमानांपुरता 2019 मध्ये. त्यानंतर दर मागणीप्रमाणे रोज हलतो आणि 'वाढ झाली' असं म्हणायला जागाच उरत नाही. योजनेच्या पानावर फक्त 'इतक्यापासून पुढे' असा खालचा आकडा दिसत असेल, तर तो कोणत्या तारखांना खरोखर मिळतो ते तपासा. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात तो बहुधा दिसणार नाही.

दुसरी चाल, अंतराऐवजी खर्चावर पॉइंट. एअर इंडियाने एप्रिल 2024 मध्ये हे केलं, अमेरिकन कंपन्यांनी 2015-16 मध्ये. स्वस्त तिकिटावर लांब उडणाऱ्याला, म्हणजे वर्षातून एकदा पोरांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना, याचा फटका बसतो. कंपनीच्या पैशाने आयत्या वेळी महाग तिकीट काढणाऱ्याचं भलं होतं. स्टेटसचं, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड अशा वरच्या सभासद-दर्जाचंही तेच. ब्रिटिश एअरवेजमध्ये 1 एप्रिल 2025 पासून सिल्व्हरला 7,500 आणि गोल्डला 20,000 टिअर पॉइंट लागतात, आणि एका पौंडाच्या पात्र खर्चाला एक पॉइंट. सवलतीची बिझनेस तिकिटं हेरून स्टेटस मिळवण्याची जुनी युक्ती तिथेच बाद झाली. डेल्टाने सप्टेंबर 2023 मध्ये डायमंड दर्जासाठी वर्षाला 35,000 डॉलरची अट जाहीर केली. इतका गदारोळ झाला की महिन्याभरात ती 28,000 वर आणावी लागली. आरडाओरडा अगदीच वाया जात नाही, एवढं यातून दिसतं. पण उतरवलेला आकडासुद्धा आधीच्या अटीपेक्षा वरचाच होता, हेही पाहा.

तिसरी, जागाच बंद करणं. मे 2025 पासून एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासचं अवॉर्ड तिकीट साध्या सभासदाला मिळत नाही, सिल्व्हर किंवा वरचा टिअर लागतो. माइल्स पुरेसे असून उपयोग नाही.

चौथी चाल सगळ्यात चिवट आहे: सरचार्ज. 'फुकट' तिकिटावर विमानतळ शुल्क आणि सरकारी कर तर लागतातच. त्याशिवाय कंपनी स्वतःचा अधिभार लावते. तिकिटाच्या कर-तपशिलात तो वायक्यू किंवा वायआर या संकेताने येतो. सरकारी कराच्या रांगेत बसलेला असला तरी तो पैसा कंपनीच्या खिशात जातो. सिंगापूर एअरलाइन्स 2017 पासून स्वतःच्या विमानांच्या अवॉर्ड तिकिटावर तो घेत नाही, युनायटेडची योजनाही घेत नाही, एअर कॅनडाच्या एरोप्लानने 2020 मध्ये तो काढला. इतर अनेक ठिकाणी लांबच्या प्रवासाला रक्कम एवढी होते की सेलमधलं रोखीचं तिकीट परवडतं. तेव्हा माइल्स किती लागतात हे पाहण्याआधी शेवटच्या पेमेंट पानापर्यंत जाऊन रुपये किती लागतात ते पाहा.

हिशोब करायची रीत सोपी आहे. त्याच दिवसाचं, त्याच विमानाचं रोखीचं भाडं घ्या. त्यातून अवॉर्ड तिकिटावर भरावी लागणारी रोख रक्कम वजा करा. उरलेल्याला लागणाऱ्या माइल्सनी भागा. समजा भाडं 7,000 रुपये, अवॉर्डला 10,000 माइल्स आणि 1,200 रुपये. 5,800 भागिले 10,000, म्हणजे माइलला 58 पैसे. रोखीच्या तिकिटावर जे पॉइंट मिळाले असते त्यांची किंमतही त्या 5,800 मधून कापा, अवॉर्ड तिकिटावर ते सहसा मिळत नाहीत. मग साध्या कॅशबॅक कार्डाने तेवढ्याच खर्चावर किती परत दिलं असतं याच्याशी ताडून बघा. बिझनेस क्लासच्या बाबतीत मात्र स्वतःची समजूत घालू नका. दोन लाखांचं तिकीट तुम्ही रोख कधीच काढलं नसतं, तर दोन लाख वाचले असं धरून माइलची किंमत फुगते. मनाने जेवढे रोख दिले असते तेवढेच धरा.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ट्रान्सफरमध्ये. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. कार्डात असताना त्यांना दहा वाटा असतात, वळवल्यावर एकच. म्हणून क्रम असा ठेवा. आधी ज्या योजनेत वळवायचं तिच्याच संकेतस्थळावर लॉगिन करून, नेमक्या तारखेला, हव्या तेवढ्या प्रवाशांसाठी जागा दिसते का ते पाहा. एक जागा दिसली म्हणजे चार आहेत असं नसतं, शोधताना प्रवासी चार घाला. भागीदार कंपनीची जागा असेल तर फोन करून ती खरोखर तिकीट निघण्याजोगी आहे का ते विचारा. यादीत दिसणारी आणि पेमेंटला अडकणारी भुताची जागा या क्षेत्रात नेहमीची आहे. काही योजना जागा थोडा वेळ धरून ठेवतात, तेही विचारून घ्या, कारण माइल्स पोचायला कुठे काही मिनिटं तर कुठे काही दिवस लागतात. बँकेची वार्षिक मर्यादा आणि ट्रान्सफर शुल्क तपासा. दोन्ही खात्यांतलं नाव पासपोर्टप्रमाणे एकसारखं हवं. वडिलांचं नाव मधे घालायची आपली पद्धत इथे नडते: एकीकडे तीन शब्द आणि दुसरीकडे दोन असले की ट्रान्सफर अडकू शकते.

घरच्यांसाठी तिकीट काढायचं असेल तर नॉमिनीचा, म्हणजे कोणाकोणासाठी तिकीट काढता येतं याचा नियम आधी वाचा. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये पाचच नॉमिनी ठेवता येतात. आईवडील, सासूसासरे आणि जोडीदार धरले की यादी भरली, मुलं बाहेर. मुदतीचेही प्रकार दोन. काही ठिकाणी खात्यात हालचाल झाली की मुदत पुढे सरकते, काही ठिकाणी काहीही केलं तरी नाही. क्रिसफ्लायरचे माइल्स 36 महिन्यांनी जातात. एमिरेट्स स्कायवर्ड्सचे तीन वर्षांनंतर तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस. एकूण शिल्लक पाहून फसू नका, कोणत्या महिन्यात किती जाणार ही फोड उघडून पाहा. पॉइंट-विक्रीचे '100 टक्के बोनस' सेल तर नेमका प्रवास ठरलेला असल्याशिवाय टाळाच.

कपातीची बातमी आली की गिधाडं उतरतात. 'तुमचे 9,850 रुपयांचे पॉइंट आज संपत आहेत' असा मेसेज येतो, सोबत लिंक किंवा ॲप बसवणारी एपीके फाइल. ती फाइल फोनमध्ये बसली की ओटीपी परस्पर वाचले जातात. कोणतीही बँक किंवा विमान कंपनी व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. बसलीच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. दुसरा सापळा टेलिग्रामवरच्या अर्ध्या किमतीतल्या बिझनेस तिकिटांचा. ती दुसऱ्याच्या, बऱ्याचदा चोरलेल्या, माइल्सवर काढलेली असतात. पीएनआर खरा असतो, विमान कंपनीच्या साइटवर दिसतोही. मूळ मालकाने तक्रार केली की तिकीट रद्द होतं, कधी परतीच्या प्रवासाआधी, परदेशात असताना.

दाद कुठे मागायची? नियमावलीची पीडीएफ आणि लागणाऱ्या माइल्सचे स्क्रीनशॉट तारखेसह साठवा. बदल झाल्यावर जुनं पान सापडत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. करारातलं कलमच अन्यायकारक आहे असा मुद्दा असेल तर 2019च्या कायद्यानुसार तो राज्य आयोगापुढे जातो, जिल्ह्यात नाही. इथे चुकून महिने वाया जातात. विलीनीकरणात गहाळ झालेले पॉइंट किंवा न दिलेला बोनस अशा, कागदावर दाखवता येणाऱ्या तक्रारी टिकतात. 'दर वाढवला' एवढीच तक्रार असेल तर फारशी आशा धरू नका.

कार्डाच्या बाबतीत हात थोडा वर असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे शुल्कातल्या बदलाची किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते, आणि बदल तोट्याचा वाटून तुम्ही कार्ड परत केलं तर त्यासाठी जादा आकार घेता येत नाही. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी, नाहीतर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. बँकेने 30 दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. फक्त बंद करण्याचा अर्ज टाकण्याआधी उरलेले पॉइंट वापरून टाका. कार्ड बंद झालं की ते बहुधा जातात.