वेगसच्या शोंसाठी तिकिटांचं अ‍ॅप: अर्धं वर्ष वापरल्यावर

आम्ही लास वेगसजवळ राहतो, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की पाहुणे येतात आणि शोची तिकिटं काढायचं काम माझ्या गळ्यात पडतं. त्यासाठी एक तिकीट अ‍ॅप वापरतोय. नाव देत नाही.

शोधायला अ‍ॅप झकास. तारीख टाकली की त्या रात्री कुठे काय चालू आहे ते एका पानावर. इथले बरेच मोठे शो आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात, शिवाय वर्षात मधूनच सुट्टी घेतात. विमानाची तिकिटं निघाल्यावर कळतं, की बेलाजिओ हॉटेलातला 'ओ' हा सर्कशीचा शो नेमका त्याच रात्री नाही. म्हणून मी आधी शोची तारीख पाहतो, बाकीचा बेत नंतर.

जागा निवडताना मात्र अ‍ॅप उघडं पडतं. नकाशावर सगळे ठिपके सारखेच. स्फिअर या गोल, आतून भलामोठा पडदा असलेल्या सभागृहात खालच्या, १०० क्रमांकांच्या विभागांत मागच्या रांगा घेतल्या तर वरच्या मजल्याचा सज्जा आडवा येतो आणि ज्या पडद्यासाठी पैसे मोजले त्याचाच वरचा भाग दिसत नाही. अ‍ॅपवर याबद्दल चकार शब्द नाही! एमजीएम ग्रँड हॉटेलातल्या 'का' या शोमध्ये तर अख्खा रंगमंच उभा होतो. तिथे अगदी पुढे बसण्यापेक्षा मधल्या रांगा सरस. 'ओ'ला पाच वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, पण तिकीट विकताना अ‍ॅप वय विचारत नाही. भाचीला घेऊन जायचं ठरत होतं, थिएटरच्या साइटवर वाचलं म्हणून वाचलो.

पैशांचं म्हणाल तर मे २०२५पासून फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या नियमामुळे एकूण रक्कम सुरुवातीलाच दाखवावी लागते. शेवटच्या पानावरचा धक्का गेला, फी मात्र तशीच आहे, फक्त किमतीत मिसळलेली. तीच रांग थिएटरच्या साइटवर ताडून पाहिली तर बहुतेकदा तिथे स्वस्त पडते. आठवड्याच्या मधल्या रात्री उरलेल्या जागांवर अ‍ॅपची सवलत खरी असते. जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरलं की शहरात गर्दी असते, तेव्हा सवलतीच्या नादी लागू नये.

एक शो रद्द झाला तेव्हा परताव्यासाठी अ‍ॅप आणि थिएटर या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पैसे आले, पण बरेच आठवडे पाठपुरावा करून. तेव्हापासून शोधतो अ‍ॅपवर, घेतो थिएटरकडून. पाचपैकी तीन तारे.

आणि हो, अ‍ॅप शोच्या तासभर आधी आठवण करतं. स्ट्रिपवरची, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरची गर्दी, मग हॉटेलात शिरल्यावर कसिनोतून थिएटरपर्यंतची पायपीट, एवढ्याला तास पुरत नाही. ती वेळ सेटिंगमध्ये दोन तासांवर नेता येते.