परग्रहांच्या बाबतीत काटेकोर, माणसाच्या बाबतीत ढिसाळ

सहा भागांचा ऑडिओ कोर्स आहे. विषय दोन: विश्वात आणखी कुठे जीव आहेत का, आणि पृथ्वीवर माणूस आला कसा. पहिले चार भाग इतके चांगले जमलेत की शेवटच्या दोनांचा राग जरा जास्तच येतो.

मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मजीव वाढवायच्या प्लेटवर काही उगवलं की ‘काय सापडलं’ हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, हे आपल्याच हातातून किंवा हवेतून तर आलं नाही ना? त्यामुळे ‘अंतराळातून आलेले जीव’ म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. या कोर्सचा दुसरा भाग नेमका याच शंकेवर उभा आहे, म्हणून मी तो एका बैठकीत ऐकला.

28 सप्टेंबर 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. तिच्यात 70हून जास्त प्रकारची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या प्रकारचे रेणू, सापडली. ती जमिनीवर पडल्यावर मातीतून किंवा माणसांच्या हातातून आत शिरली नसतील कशावरून? निवेदक इथे घाई करत नाही. त्यातली काही अमिनो आम्लं अशी आहेत की पृथ्वीवरचे जीव ती जवळजवळ वापरतच नाहीत, उदाहरणार्थ आयसोव्हॅलिन. मग तो बेन्नू या लघुग्रहाकडे वळतो. तिथला 121.6 ग्रॅम नमुना सप्टेंबर 2023 मध्ये बंद कुपीतून पृथ्वीवर आला. जीवसृष्टी वापरते त्या 20 अमिनो आम्लांपैकी 14 त्यात सापडली, डीएनए आणि आरएनएला लागणारे पाचही बेसेस, म्हणजे त्यांची ‘अक्षरं’, सापडली. आता खरी गंमत. अमिनो आम्लाचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन रूपांत असतात आणि आपल्या पेशी प्रथिनं बांधताना डावंच रूप वापरतात. मर्चिसनमध्ये काही आम्लांत डाव्याचं पारडं थोडं जड होतं, म्हणून हा कल अंतराळातूनच आला असावा असं अनेकांना वाटत होतं. बेन्नूच्या नमुन्यात मात्र दोन्ही रूपं जवळपास सारखीच निघाली. एवढ्या आकर्षक कल्पनेला धक्का बसला हे निवेदक हातचं न राखता सांगतो, आणि जीवाला लागणारे रेणू सापडले म्हणजे जीव सापडला असं नव्हे, हेही ठासून सांगतो.

तिसऱ्या भागात खूप उंचावरच्या हवेत जीव सापडतात का हे बघायला जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने झालेला बलूनचा प्रयोग आहे. मराठी ऐकणाऱ्याला हा भाग जवळचा वाटणारच, पण मला आवडला तो त्यातल्या तपशिलासाठी. हैदराबादहून सोडलेल्या बलूनमध्ये हवा काढून निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून थंड ठेवलेल्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत गोळा केली. त्यातून बॅक्टेरियाच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. बॅक्टेरियाच्या तीन जाती पूर्णपणे नव्या निघाल्या, आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल, इस्रो व आर्यभट यांच्यावरून त्यांची नावं ठेवली गेली. हे 2009 मध्ये जाहीर झालं, आणि ते जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोनेच तेव्हा सांगून टाकलं होतं. कोर्समध्ये ते वाक्य गाळलेलं नाही. आमच्या क्षेत्रात अशी वाक्यं गाळणारे पुष्कळ भेटतात.

पहिल्या भागात ‘परग्रहवासी असतील तर आहेत कुठे?’ हा फर्मीचा प्रश्न, अशा संस्कृती किती असतील याचा अंदाज बांधणारं ड्रेकचं 1961 चं समीकरण आणि अंतराळातून आलेला 1977 चा 72 सेकंदांचा ‘वॉव’ रेडिओ सिग्नल आहे. ठीक आहे, हे सगळीकडे मिळतं. चौथा भाग क्रिक आणि ऑर्गेल या शास्त्रज्ञांचा. एखाद्या प्रगत संस्कृतीने मुद्दाम इथे सूक्ष्मजीव पाठवले असतील, ही कल्पना त्यांनी 1973 मध्ये मांडली. पृथ्वीवर दुर्मिळ असलेलं मॉलिब्डेनम हे मूलद्रव्य जीवांना का लागतं, हा त्यांचा एक मुद्दा होता. त्यावरचं उत्तरही लगेच येतं: खडकांत ते कमी असलं तरी समुद्राच्या पाण्यात बऱ्यापैकी आहे.

आणि मग पाचवा भाग सुरू होतो आणि माणूसच बदलतो. आवाज तोच, पण मागे गूढ संगीत (ते बंद करायची सोय नाही) आणि प्रत्येक मिनिटाला ‘काही संशोधकांच्या मते’. कोणते संशोधक? नाव नाही. मांडणी अशी की चिंपांझी, गोरिला आणि ओरँगउटान यांना 48 क्रोमोसोम (गुणसूत्रं), माणसाला 46, म्हणजे कोणीतरी बाहेरून येऊन ‘फेरफार’ केला असावा.

अहो, यात गूढ काय उरलंय? वानरांमधले दोन वेगळे क्रोमोसोम आपल्यात एकमेकांना जोडले जाऊन दुसरा क्रोमोसोम झाला. क्रोमोसोमच्या टोकाशी जे टेलोमिअर असतात, त्यांच्या खुणा आपल्या दुसऱ्या क्रोमोसोमच्या मध्येच सापडतात, तोंडाला तोंड लावलेल्या. हे 1991 मध्येच छापून आलंय. शिवाय क जीवनसत्त्व तयार करण्याचा जीन आपल्यात निकामी आहे, आणि चिंपांझीतही निकामी आहे. वरून कोणी आपल्याला घडवलं असेल तर त्याने हा मोडका जीनही जपून ठेवला म्हणायचा! टांझानियातल्या लेटोलीच्या सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा, ‘लूसी’ हा सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा आदिमानवाचा सांगाडा, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे माणसाचे अवशेष, यांना कोर्समध्ये मिळून एक ओळ मिळते. निअँडरथल या आपल्या नामशेष भाऊबंदांचं नाव येतं ते फक्त ‘अचानक नाहीसे झाले’ एवढ्यापुरतं. त्यांचा डीएनए आजही जिवंत माणसांमध्ये सापडतो आणि या कामासाठी स्वांते पाबो यांना 2022 चं नोबेल मिळालं, याचा उल्लेखही नाही.

सहाव्या भागात पिरॅमिड. ‘एवढे दगड वाहिले कोणी?’ असा प्रश्न टाकून मोठा विराम. इजिप्तमध्येच वादी अल-जर्फ इथे 2013 मध्ये पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची लिखाणं, सापडले. त्यांत मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीतून गिझाला कसा नेला, त्याची नोंद त्याने करून ठेवलीय, तीही खुफू राजाच्या पिरॅमिडचं काम चालू असतानाची. विरामानंतर मेररचं नाव यायला हवं होतं. आलं ते संगीत.

मला सर्वात खटकलं ते हे. परग्रहावरच्या जीवाचा हाती लागलेला पुरावा जवळजवळ शून्य, तिथे ही मंडळी एकेक ग्रॅम तोलून बोलतात. माणसाच्या उगमाचा पुरावा ढिगाने पडलाय, हाडं, दात, अख्खे जीनोम, तिथे मात्र तराजूच गुंडाळून ठेवला.

ॲप बरं आहे. वेग कमी-जास्त करता येतो, सोडलं तिथून पुढे ऐकता येतं. लिखित प्रत नाही, ती हवी होती. भाग सुटे मिळत असतील तर दुसरा ते चौथा भाग बिनधास्त घ्या.

शेवटी चाचणी आहे. त्यात प्रश्न होता: माणसाचा दुसरा क्रोमोसोम कसा तयार झाला? मी ‘दोन क्रोमोसोम जोडले जाऊन’ हा पर्याय निवडला. ॲपने तो लाल केला आणि बरोबर उत्तर दाखवलं: ‘अज्ञात’. प्रमाणपत्र त्यामुळे अडलंय. ते हवं असेल तर तुम्ही ‘अज्ञात’ दाबा. मी दाबणार नाही.