जुनं लष्करी पिस्तूल आणि ‘+पी’ काडतूस: कोणाला काय झेपतं?

लष्कराच्या साठ्यातून बाहेर पडलेलं जुनं पिस्तूल घ्यायचं ठरलं, की पुढचा प्रश्न येतोच: यात ‘+पी’, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं चालतील का? माझं उत्तर स्पष्ट आहे, चालवू नयेत. पण प्रत्येक पिस्तुलाचं कारण वेगळं आहे, आणि काहींमध्ये तर साधं काडतूससुद्धा घातक ठरू शकतं.

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेच्या मानकानुसार ९ मिमी पॅराबेलम काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर त्याच्याच +पी प्रकाराचा ३८,५००. .४५ एसीपीचे हेच आकडे २१,००० आणि २३,०००. त्याहूनही जास्त दाबाच्या ‘+पी+’ला सामीने मर्यादाच ठरवलेली नाही. किती दाब ठेवायचा ते उत्पादक ठरवतो, त्यामुळे जुन्या पिस्तुलासाठी त्याचा विचारही नको.

१० टक्के वाढ किरकोळ वाटते. शिवाय युरोपातल्या सीआयपी या शस्त्रचाचणी मानकाच्या पद्धतीत प्रूफ चाचणी, म्हणजे मुद्दाम जादा दाबाची गोळी झाडून घेतलेली मजबुतीची परीक्षा, कमाल दाबाच्या ३० टक्के वर घेतात. म्हणून ‘प्रूफचा शिक्का आहे ना, मग काय होतंय’ असं अनेकजण म्हणतात. हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. ती चाचणी मोजक्या गोळ्यांची, आणि तीही पिस्तूल नवं असताना झालेली असते. त्यानंतर किती हजार गोळ्या झाडल्या गेल्या, कुठला भाग कधी बदलला, हे शिक्का सांगत नाही. खरं नुकसान बहुतेक वेळा नळी फुटून होत नाही. दाब वाढला की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) जास्त वेगाने मागे येते, थकलेली स्प्रिंग तिला आवरू शकत नाही, आणि तो मार फ्रेम व लॉकिंगचे (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र धरणारे) भाग खातात. तडे जातात ते असे, हळूहळू.

९ मिमीमध्ये तुलना करायची तर ब्राउनिंग हाय-पॉवर आणि वॉल्थर पी३८ समोरासमोर ठेवावीत. दोन्ही लॉक होणारी, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात वापरलेली. हाय-पॉवरची पोलादी फ्रेम दणकट आहे, आणि चांगल्या स्थितीतलं असेल तर साध्या दाबावर ते निर्धास्त वापरता येतं. युद्धकाळातल्या पी३८ची स्लाइड मात्र तडा जाण्यासाठी बदनाम आहे. पी३८च्या युद्धानंतरच्या आवृत्तीला, पी१ला, ॲल्युमिनियमची फ्रेम आली, आणि झीज रोखायला पुढे त्या फ्रेममध्ये पोलादी षटकोनी बोल्ट बसवावा लागला. बोल्ट असलेलं पी१ आणि नसलेलं पी१ यांत निवड असेल, तर बोल्टवालंच घ्या. जर्मन ल्युगरची गोष्ट वेगळी: त्याची टॉगल (गुडघ्यासारखी दुमडणारी) यंत्रणा काडतुसाच्या ताकदीबाबत फार चोखंदळ, आणि पिस्तुलाशी जुळणाऱ्या मूळ अनुक्रमांकाचा एखादा भाग तुटला तर संग्राहकाच्या दृष्टीने पिस्तुलाची किंमतच घसरते.

सोव्हिएत मकारोव्ह साधं ब्लोबॅक आहे. लॉक नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा भार. पुढे रशियात ९×१८ पीएमएम हे जास्त ताकदीचं काडतूस आलं. त्यासाठी केलेल्या पीएमएम पिस्तुलाच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या भागात) सर्पिल खाचा आहेत. जुन्या मकारोव्हमध्ये त्या नाहीत, तरी काडतूस आत बसतं. बसतं म्हणून चालतं, असं समजू नका.

हाच सापळा आणखी दोन ठिकाणी जास्त क्रूर आहे. इटलीच्या ग्लिसेंटी १९१०चं काडतूस मापाने ९ मिमी पॅराबेलमसारखंच, पण आत दारू कमी. या पिस्तुलाची डावी बाजू म्हणजे काढता येणारी पट्टी, त्यामुळे रचना मुळातच कमजोर. यात साधं पॅराबेलमही नको. माउझर सी९६मध्ये ७.६२×२५ टोकारेव्हचं काडतूस बसतं, तेही घालू नये: त्यातला बोल्ट म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, आणि तो अडवणारा छोटा तुकडा तुटला, तर बोल्ट मागे, थेट झाडणाऱ्याकडे येतो.

७.६२×२५साठीच बनलेल्या दोघांत लोक चेक सीझेड ५२ला सोव्हिएत टीटी-३३पेक्षा मजबूत मानतात, कारण त्याचं लॉकिंग रोलरवर आहे. पण त्या रोलर यंत्रणेसाठी नळीला खालून खाच दिली आहे, आणि तिथे चेंबरची भिंत पातळ झाली आहे. मी टीटी-३३ निवडेन.

पहिल्या महायुद्धातल्या कोल्ट १९११ची स्लाइड आजच्यापेक्षा मऊ पोलादाची, म्हणून साध्या दाबाचं .४५च, तेही बेताने.

सारांशाने नाही, व्यवहाराने सांगायचं तर: जास्त दाबाचं काडतूसच हवं असेल, तर ज्याच्या माहितीपुस्तिकेत +पीला स्पष्ट परवानगी आहे असं आधुनिक पिस्तूल घ्या. जुनंच आवडत असेल, तर ते जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्या, रिकॉइल स्प्रिंग नवी घाला आणि मूळ दाबाची, कारखान्यात बनलेली काडतुसं वापरा. सबमशीनगनसाठी भरलेली सरप्लस काडतुसं स्वस्त मिळाली तरी टाळा. साफसफाई करताना स्लाइडच्या खिडकीचे कोपरे, लॉकिंगच्या कडा आणि फ्रेम भिंगातून बघा. केसासारखी रेघ दिसली, तर ती नुसती ओरखडा आहे की तडा, हे कळेपर्यंत एकही गोळी झाडू नका.